एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन रोजनिश्या आणि पत्रं मुळातून कशी वाचावीत

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या साध्यासुध्या माणसांनी लिहिलेल्या रोजनिश्या आणि पत्रं आज घरबसल्या, एक पैसाही न देता, मूळ पानांच्या छायाचित्रांसह वाचता येतात. त्यात सुईणी आहेत, शिपाई आहेत, शिवणकाम करणाऱ्या मुली आहेत, नव्या जमिनीवर गवताळ मातीचं घर बांधणारे शेतकरी आहेत. अडचण एवढीच की पान उघडलं की अक्षर लागत नाही, तारखा जुळत नाहीत, कोण कोणाचं ते कळत नाही, आणि वाचणारा निवडक उताऱ्यांच्या छापील पुस्तकाकडे वळतो. तिथे मजकूर मिळतो, पण तो दुसऱ्या कुणीतरी निवडलेला, नीटनेटका केलेला असतो. मुळातून वाचायचं असेल तर सुरुवात अशी करावी: एकच माणूस, एकच वर्ष, आणि समोर मूळ पान.

कुणापासून सुरुवात करावी

नवख्याने मोठ्या नावापासून सुरुवात करू नये. राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स यांची रोजनिशी मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने संकेतस्थळावर ठेवली आहे. ती ५१ खंडांची आणि १४ हजारांहून जास्त पानांची आहे. त्यात शिरलेला माणूस महिन्याभरात थकतो. त्याऐवजी लहान आणि आखीव संच घ्या.

फिलाडेल्फियातल्या एमिली डेव्हिस या स्वतंत्र कृष्णवर्णीय तरुणीच्या १८६३, १८६४ आणि १८६५ अशा तीन वर्षांच्या खिशात मावणाऱ्या रोजनिश्या हिस्टॉरिकल सोसायटी ऑफ पेनसिल्व्हेनियाकडे आहेत. पानांची छायाचित्रं आणि उतरवलेला मजकूर दोन्ही उपलब्ध आहे. नोंदी चार-पाच ओळींच्या आहेत. हवा कशी होती, कोण भेटायला आलं, चर्चमध्ये कोण बोललं, शिवणकामाला कुठे गेले, एवढंच. पण पहिली नोंद १ जानेवारी १८६३ची आहे, म्हणजे लिंकन यांनी गुलाममुक्तीची घोषणा लागू केली तो दिवस. हा दिवस बघायला मिळाला म्हणून ती देवाचे आभार मानते आणि लगेच पुढच्या दिवसाच्या हवेकडे वळते. सुरुवातीसाठी याहून चांगला संच क्वचित सापडेल.

पत्रं वाचायची असतील तर नेब्रास्कातल्या ऑब्लिंजर कुटुंबाची पत्रं घ्या. युराया ऑब्लिंजर १८७२मध्ये इंडियानाहून नेब्रास्काच्या फिलमोर परगण्यात गेला. १८६२च्या होमस्टेड कायद्यात पाच वर्षं जमिनीवर राहून ती कसली की १६० एकर नावावर होत. बायको मॅटी आणि लहान मुलगी एला मागे राहिल्या होत्या, म्हणून पत्रं लिहिली गेली, आणि म्हणून ती आपल्याला मिळाली. घरातली माणसं एकत्र आली की पत्रं थांबतात. एखाद्या कुटुंबाच्या पत्रसंग्रहात मध्येच वर्षभराची पोकळी दिसली तर पत्रं हरवली असं आधी समजू नका. माणसं एकाच घरात राहत होती का, ते तपासा.

उत्तर आणि दक्षिणेतल्या यादवी युद्धाचा (१८६१ ते १८६५) काळ हवा असेल तर व्हर्जिनिया विद्यापीठात तयार झालेला 'व्हॅली ऑफ द शॅडो' हा संग्रह बघा. उत्तरेतला फ्रँकलिन आणि दक्षिणेतला ऑगस्टा अशा दोन परगण्यांची पत्रं, रोजनिश्या, वर्तमानपत्रं आणि जनगणना त्यात शेजारी शेजारी ठेवली आहे. अक्षर वाचण्याचा नुसता सराव करायचा असेल तर मेन राज्यातल्या हॅलोवेलची सुईण मार्था बॅलर्ड हिची रोजनिशी उघडा. तिने १७८५ ते १८१२ अशी २७ वर्षं लिहिलं आणि ८१६ बाळंतपणांची नोंद ठेवली. 'डू हिस्टरी' या संकेतस्थळावर तिच्या पानावर एक चौकट फिरवली की खालचं हस्ताक्षर छापील अक्षरांत दिसतं. रोज वीस मिनिटं त्यावर घालवली की आठवड्याभरात डोळा बसतो.

वाचण्याआधी वस्तू बघा

छायाचित्र मोठं करून पहिल्या ओळीवर झडप घालू नका. आधी सगळं पान, त्याच्या घड्या, मागची बाजू, कडा बघून घ्या. निम्मी माहिती तिथेच असते.

पत्र १८४५च्या आधीचं असेल तर बहुधा त्याला पाकीट नसतं. त्या काळी टपालाचा दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे. एका कागदाला ३० मैलांपर्यंत ६ सेंट, ८० मैलांपर्यंत १०, १५० मैलांपर्यंत साडेबारा, ४०० मैलांपर्यंत पावणेएकोणीस आणि त्यापुढे २५ सेंट. दोन कागद असतील तर दर दुप्पट, आणि पाकीट हाही एक कागदच धरला जाई. शेतमजुराला दिवसाला डॉलरही मिळत नसे, तिथे हे ओझं मोठं होतं. म्हणून एकच मोठा कागद मधे दुमडून चार पानं करत. तीन पानं लिहायची, चौथ्याचा मधला भाग पत्त्यासाठी मोकळा ठेवायचा, घड्या घालून लाखेने किंवा पिठाच्या चिकट चकतीने बंद करायचं. चौथ्या पानावर पत्त्याच्या वरखाली जी जागा उरे, तिथेही मजकूर असतो. तो सुटा वाटतो, पण पत्राचा शेवट असतो.

पत्र उघडताना लाखेपाशी कागद फाटे. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या पानाच्या कडेला एक भोक असतं आणि तीन-चार ओळींमधला एकेक शब्द गायब असतो. फाटलेला तुकडा कधीकधी समोरच्या कडेवर लाखेलाच चिकटलेला सापडतो, तिकडे बघायला विसरू नका.

१८४५मध्ये दर वजनावर आला: अर्ध्या औंसाला ३०० मैलांच्या आत ५ सेंट, पुढे १०. पहिली सरकारी तिकिटं १८४७ची. १८५१पासून आगाऊ पैसे भरले तर ३ सेंट. या तारखा लक्षात असल्या की वर्ष न लिहिलेल्या पत्राचा काळ ठरवायला मदत होते. तिकीट नाही, पाकीट नाही आणि कोपऱ्यात हाताने '१८ ३/४' असा आकडा लिहिलाय, तर ते १८२५ ते १८४५ या काळातलं. कॅलिफोर्नियाहून पूर्वेकडे आलेल्या पत्रावर ४० दिसले तर ते सोन्याच्या शोधाच्या धामधुमीतलं, १८५१च्या आधीचं. पाकिटावर 'सोल्जर्स लेटर' असं लिहून खाली अधिकाऱ्याची सही असेल तर ते युद्धातलं. शिपायाला तिकिटाशिवाय पत्र टाकता येई आणि पैसे घेणाऱ्याने भरायचे असत. दक्षिणेत युद्धामुळे कागदाचा इतका दुष्काळ पडला की आलेलं पाकीट उसवून, उलटं करून पुन्हा वापरत, भिंतीला लावायच्या नक्षीच्या कागदाचीही पाकिटं करत. अशा पाकिटाच्या आतल्या बाजूचा पत्ता वेगळ्याच पत्राचा असतो. तो या पत्राच्या माथी मारू नका.

रोजनिशीचं निराळं. शतकाच्या मध्यापासून छापील तारखांच्या, कातडी बांधणीच्या, खिशातल्या रोजनिश्या स्वस्त झाल्या. पुढे पंचांग, टपालाचे दर, मागे जमाखर्चाची आणि टिपणांची पानं. सुरुवात मागून करा. जमाखर्चात नावं, गावं, पगार, घरभाडं, बुटांची किंमत हे सगळं स्वच्छ अक्षरात असतं. ते एकदा वाचलं की पुढच्या नोंदीतली अर्धीअधिक नावं ओळखीची होतात. उत्तरेकडच्या साध्या शिपायाला १८६४च्या मध्यापर्यंत महिन्याला १३ डॉलर मिळत. हा आकडा मनात ठेवून त्याच्या खर्चाच्या पानाकडे बघितलं तर पीच फळांच्या एका डब्याला किंवा टपालाच्या तिकिटांना तो किती विचार करून हात घालत होता ते दिसतं.

अक्षर लावणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो, आणि दिलेला वेळ वाया जात नाही.

पहिली गोष्ट, अंदाज बांधण्याआधी त्या माणसाची बाराखडी तयार करा. कोऱ्या कागदावर इंग्रजी वर्णमाला लिहा आणि प्रत्येक अक्षरासमोर त्याच्या हातचे दोन-तीन नमुने काढा. नमुने खात्रीच्या शब्दांतूनच घ्यायचे. महिन्यांची आणि वारांची नावं यासाठी उत्तम, कारण ती काय असणार हे आधीच ठाऊक असतं. पूर्ण लिहिलेली बारा महिन्यांची आणि सात वारांची नावं मिळाली की २६ लहान अक्षरांपैकी १९ आणि १० मोठी अक्षरं हातात येतात. उरलेली, म्हणजे लहान एफ, जे, के, क्यू, डब्ल्यू, एक्स आणि झेड, पत्राच्या ठरावीक सुरुवातीतून आणि शेवटातून निघतात: 'आय टेक माय पेन इन हँड', 'युअर अफेक्शनेट वाइफ' वगैरे. एवढं झाल्यावर न लागणारा शब्द अक्षराअक्षराने त्या तक्त्याशी ताडून बघायचा.

नेहमी घोटाळा होणाऱ्या जागा अशा आहेत. दोन एस शेजारी आले की पहिला एस लांब, खाली शेपूट असलेला काढत. तो एफ किंवा पी सारखा दिसतो, म्हणून 'मिस' हा शब्द 'मिफ्स' आणि 'ब्लेसिंग' हा 'ब्लेफ्सिंग' वाटतो. ही सवय शतकाच्या मध्यापर्यंत, म्हाताऱ्या माणसांच्या हातात त्यानंतरही, टिकून होती. एन, यू, एम, डब्ल्यू या अक्षरांच्या उभ्या रेघा सारख्याच असतात, तिथे आकार बघू नका, रेघा मोजा. टीची आडवी रेघ घाईत पुढच्या शब्दावर जाऊन पडते. मोठा आय आणि मोठा जे बहुतेकांच्या हातात एकच असतो. मोठा एल आणि एस, तसेच टी आणि एफ यांची अदलाबदल सर्रास होते, आणि आडनावं चुकतात ती इथेच.

हाताचं वळणही काळ सांगतं. पिसाच्या लेखणीने लिहिलेल्या जुन्या गोलाकार अक्षरात खाली येणारी रेघ जाड आणि वर जाणारी बारीक असते. १८५०नंतर प्लॅट रॉजर्स स्पेन्सर यांच्या पद्धतीचं तिरकं, लांब फाट्यांचं अक्षर शाळाशाळांतून पसरलं. साठीची आजी आणि तिची वीस वर्षांची नात एकाच दिवशी लिहीत असल्या तरी दोघींची अक्षरं दोन वेगळ्या काळातली दिसतात. त्यामुळे वळणावरून लिहिणाऱ्याचा शाळेचा काळ कळतो, पत्राचा नव्हे.

नावं आखडून लिहायची रीत होती. जे-एन-ओ म्हणजे जॉन, डब्ल्यू-एम म्हणजे विल्यम, जे-ए-एस म्हणजे जेम्स, सी-एच-ए-एस म्हणजे चार्ल्स. शेवटची अक्षरं बारीक करून वर लिहीत आणि खाली रेघ किंवा दोन टिंबं देत. 'डी-ओ' असं दिसलं तर तो शब्द नाही, ती 'वरीलप्रमाणे' अशी खूण आहे.

कागद वाचवण्यासाठी पान भरलं की ते आडवं फिरवून त्याच ओळींवरून पुन्हा लिहीत. असं जाळीदार पान बघून घाबरू नका. प्रतिमा एवढी मोठी करा की तीन-चार ओळीच दिसतील. ओळीखाली कागदाची पट्टी धरा आणि एकाच दिशेने शेवटपर्यंत जा, मग प्रतिमा ९० अंश फिरवून दुसरा थर घ्या. दोन्ही थर एकाच वेळी लावायला गेलात तर एकही लागत नाही. शेवटचा थर बहुधा पहिल्या पानावर असतो, म्हणून सही सापडत नसेल तर पत्राच्या सुरुवातीवर आडवं बघा.

शाई बहुतेक मायफळ आणि लोहक्षाराची. लिहिताना काळी, आता तपकिरी. फिकट झाली असेल तर प्रतिमा संपादनाच्या साध्या साधनात लाल, हिरवा, निळा असे रंगथर वेगळे करून फक्त निळा थर बघा. तपकिरी शाई निळा प्रकाश शोषते, त्यामुळे अक्षर उठून दिसतं. मागच्या पानाची शाई पुढे उमटली असेल तर मागच्या पानाची प्रतिमा आरशासारखी उलटवून शेजारी ठेवा, कुठली रेघ कुठल्या बाजूची ते कळेल. शिपायांच्या रोजनिश्या पुष्कळदा शिसपेन्सिलीच्या असतात. तिथे रंग काढून टाकून प्रतिमा करडी करावी आणि उठाव वाढवावा.

हस्ताक्षर वाचणारी यंत्रं आता बरी झाली आहेत आणि पहिला कच्चा मसुदा म्हणून वापरायला हरकत नाही. पण न लागलेल्या शब्दाच्या जागी ती शोभेल असा दुसरा शब्द बसवतात, चुकीचं स्पेलिंग गुपचूप दुरुस्त करतात, आणि नावं व आकडे हमखास बिघडवतात. नाव, तारीख, रक्कम या तीन गोष्टी यंत्राने काहीही सांगितलं तरी डोळ्याने पुन्हा ताडायच्या.

तारीख ठरवणं

आपल्या वाचकाची पहिली चूक इथे होते. अमेरिकन माणूस महिना आधी लिहितो. ३/७/६२ म्हणजे ७ मार्च १८६२, ३ जुलै नव्हे. आकडा बारापेक्षा मोठा असेल तर चूक लगेच कळते, लहान असेल तर महिनोन्महिने कळत नाही.

'इन्स्ट.' म्हणजे चालू महिना, 'अल्ट.' म्हणजे मागचा, 'प्रॉक्स.' म्हणजे पुढचा. ५ मार्चच्या पत्रात 'तुझं २८ अल्ट.चं पत्र पोचलं' असं असेल तर ते २८ फेब्रुवारीचं. पत्राला पाच दिवस लागले, हेही त्यातून कळलं. क्वेकर पंथाची माणसं महिन्यांची आणि वारांची नावं टाळून फर्स्ट मंथ, फर्स्ट डे असं लिहीत. फर्स्ट मंथ म्हणजे जानेवारी आणि फर्स्ट डे म्हणजे रविवार.

वर्षाची खात्री वारावरून करायची. समजा एका पत्रावर 'शनिवार, ३ जानेवारी १८६२' असं आहे. कायमच्या दिनदर्शिकेत बघितलं तर त्या दिवशी शुक्रवार निघतो, शनिवार येतो १८६३ला. म्हणजे नवं वर्ष लागून तीन दिवस झाले तरी हात जुनाच आकडा लिहून गेला. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातल्या प्रत्येक पत्राची ही तपासणी करावीच. मजकुरातली बातमी जुळते का तेही बघा, कारण वार मधल्या काही वर्षांनी पुन्हा तसेच येतात. १८६३चे वार १८५७लाही तेच होते.

छापील रोजनिशीत आणखी एक फसवणूक असते. पहिल्या पानावर १८६० छापलेलं असतं, पण उरलेली कोरी पानं मालकाने किंवा त्याच्या मुलीने चार वर्षांनी वापरलेली असतात. हाताने खोडलेले वार किंवा वेगळी शाई दिसली की सावध व्हा.

नक्कल कशी उतरवावी

पान समजल्यासारखं वाटलं तरी ते शब्दशः उतरवून काढा. उतरवल्याशिवाय आपण कुठे कुठे गाळत होतो ते लक्षात येत नाही.

ओळीला ओळ ठेवा, मूळ ओळ जिथे तुटते तिथेच तोडा. स्पेलिंग, मोठी-लहान अक्षरं, विरामचिन्हांचा अभाव, सगळं जसंच्या तसं. एमिली डेव्हिसचं स्पेलिंग कानाने ऐकल्यासारखं आहे, आणि ती कशी बोलत असेल याचा तोच एकमेव धागा आपल्याकडे आहे. तो 'सुधारून' तोडून टाकू नये. न लागलेल्या शब्दाला चौकटी कंसात प्रश्नचिन्ह द्या, अंदाज असेल तर शब्दापुढे प्रश्नचिन्ह. खोडलेला मजकूर लागत असेल तर तोही घ्या. न लागलेल्या शब्दावर पाच मिनिटांपेक्षा जास्त अडून बसू नका. दहा पानं पुढे जाऊन परत या, तोच शब्द तिकडे स्वच्छ लिहिलेला सापडतो. पहिली दहा पानं पंधराव्या पानानंतर पुन्हा तपासायचीच, कारण तेव्हा डोळा कच्चा होता.

सरावासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 'बाय द पीपल' हा उपक्रम चांगला आहे. तो २०१८मध्ये सुरू झाला. तिथे खातं न उघडताही कुणीही पान उतरवू शकतो, दुसऱ्याने उतरवलेलं तपासायला मात्र खातं लागतं. परिचारिका क्लॅरा बार्टन यांच्या रोजनिश्या आणि लिंकन यांना आलेली पत्रं तिथूनच स्वयंसेवकांनी उतरवली. स्मिथसोनियनचं ट्रान्सक्रिप्शन सेंटर २०१३पासून आहे. दोघांचे नियम थोडे वेगळे आहेत, स्मिथसोनियनमध्ये दुहेरी चौकटी कंस लागतो. ज्या संस्थेचं पान, तिचे नियम आधी वाचा. अमेरिकेतल्या शाळांत जोडून लिहायची इंग्रजी लिपी बरीच वर्षं मागे पडली होती, आपल्याकडे चार रेघी वहीत ती गिरवून घेतलेले लोक पुष्कळ आहेत. हे काम मराठी वाचकाला वाटतं तितकं परकं नाही.

ओळखीचे शब्द, वेगळे अर्थ

अक्षर लागल्यावर खरी फसगत ओळखीच्या शब्दांत होते. 'डिनर' म्हणजे दुपारचं मुख्य जेवण. 'कॉर्न' म्हणजे मका. 'द कार्स' म्हणजे आगगाडी. दक्षिणेत 'इव्हनिंग' दुपारी बारानंतरच सुरू होते. 'टू मेक लव्ह' म्हणजे गोड बोलून मन वळवणं, मागणी घालण्याच्या वाटेवर असणं, त्यापलीकडे काही नाही. 'एग्यू' म्हणजे थंडी वाजून येणारा हिवताप, 'कन्झम्प्शन' म्हणजे क्षय. बायकांच्या लिखाणात 'सिक' किंवा 'कन्फाइन्ड' म्हणजे पुष्कळदा बाळंतपण. गरोदरपणाचा उल्लेख महिनोन्महिने नसतो आणि एक दिवस मूल जन्मल्याची ओळ येते. 'मदर' सासूलाही म्हणत, 'ब्रदर' आणि 'सिस्टर' चर्चमधल्या कुणालाही, आणि बायको नवऱ्याचा उल्लेख 'मिस्टर' लावून आडनावाने करी.

एका शब्दापाशी थांबायलाच हवं. दक्षिणेतल्या गोऱ्या कुटुंबांच्या पत्रांत 'सर्व्हंट्स', 'अवर पीपल', 'द हँड्स' असे शब्द येतात. ते नोकर नाहीत, ती गुलाम केलेली माणसं आहेत. मराठीत उतरवताना 'नोकर' लिहिलं तर मालकाने स्वतःची समजूत घालण्यासाठी वापरलेला शब्द आपण त्याच्या वतीने पुढे चालवतो. अशा पत्रात नुसतं एक पहिलं नाव आलं की ते वहीत लिहून ठेवा. १८५० आणि १८६०च्या जनगणनेत गुलामांच्या याद्यांवर मालकाचं नाव आहे, गुलामांचं फक्त वय, लिंग आणि वर्ण. त्या माणसाचं नाव कागदावर उरलेलं कदाचित तेवढ्या एकाच पत्रात असेल.

गुलामांनी लिहिलेली किंवा सांगून लिहवून घेतलेली पत्रं थोडी आहेत, पण आहेत. ड्यूक विद्यापीठात हॅना व्हॅलेंटाइन आणि लेथी जॅक्सन या दोघींची व्हर्जिनियातल्या अॅबिंग्डनहून धाडलेली १८३७-३८ची पत्रं आहेत. ती वाचताना प्रत्येक ओळ मालकाच्या घरातल्यांच्या डोळ्यांखालून जाणार आहे हे त्यांना माहीत होतं, हे विसरू नये. पत्र दुसऱ्याकडून लिहवून घेतलं असेल तर त्यात तीन माणसं असतात: सांगणारी, लिहिणारं आणि तिकडे वाचून दाखवणारं.

समासातल्या खुणांचा अर्थ लगेच लावू नका. लहान फुल्या दिसल्या तर त्यांच्यातले दिवस मोजा. २८च्या आसपास येत असतील तर मासिक पाळीची नोंद असण्याची शक्यता आहे, सात येत असतील तर आठवड्याचं काहीतरी. मार्था बॅलर्डच्या समासातल्या दोन फुल्या म्हणजे बाळंतपणाचे पैसे मिळाले.

माणसं ओळखणं

वहीचं एक पान प्रत्येक नावाला द्या: नाव, पहिल्यांदा कुठे आलं, कोणत्या संबोधनाने, कशासाठी. मग जनगणना उघडा. १८५०पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आणि वय त्यात आहे. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांची नावं सरसकट १८७०पासून येतात. १८९०ची बहुतेक सगळी जनगणना १९२१च्या आगीनंतर नष्ट झाली, त्यामुळे १८८० ते १९०० या वीस वर्षांची पोकळी गावाच्या नामावल्या आणि वर्तमानपत्रांनी भरावी लागते. फॅमिलीसर्च या वंशावळी शोधायच्या संकेतस्थळावर खातं फुकट आहे. जनगणनेतलं वय दोन-तीन वर्षं इकडेतिकडे असतंच, तेवढ्यावरून माणूस नाकारू नका. शेजारच्या घरांची नावं बघा. पत्रात येणारी तीन-चार आडनावं त्याच पानावर वरखाली सापडली की घर पक्कं.

छापील आवृत्ती कधी आणि किती मानावी

दक्षिण कॅरोलिनातल्या मेरी चेस्नट हिची युद्धकाळातली रोजनिशी प्रसिद्ध आहे. पण ज्या रूपात ती गाजली ते रूप तिने १८८०च्या दशकात, युद्ध हरल्यानंतर पंधरा-वीस वर्षांनी, नव्याने लिहिलं. मूळ १८६०च्या दशकातल्या नोंदी वेगळ्या आणि त्रोटक आहेत. त्यात भविष्य अचूक ओळखल्यासारखं एखादं वाक्य भेटलं तर ते कुठल्या थरातलं आहे हे आधी बघावं लागतं. ऱ्होड आयलंडचे मेजर सलिव्हन बॅलू यांनी १४ जुलै १८६१ला बायकोला लिहिलेलं पत्र लाखो लोकांनी ऐकलंय. त्याची मूळ प्रत सापडलेली नाही, आहेत त्या दुसऱ्यांच्या हातच्या नकला, आणि त्यांच्यात फरक आहेत. नातवंडांनी छापलेल्या रोजनिश्यांत भांडणं, कर्ज आणि आजार गाळलेले असतात. छापील प्रत नकाशासारखी जवळ ठेवा, पण उद्धृत करायचं ते मूळ पानावरून.

आपल्याशी जोडलेली पानं

या कागदांत महाराष्ट्रही आहे. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३मध्ये मुंबईत आली, आणि त्यांच्या पाठवणाऱ्या मंडळाची कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. १८२७मध्ये मुंबईत आलेल्या आणि पुढे अहमदनगरला मुलींची शाळा चालवणाऱ्या सिंथिया फॅरार यांच्यासारख्यांच्या कामाचा माग तिथून लागतो. त्यातली काही पत्रं मंडळाच्या मासिकात छापून येत, पण ती वर्गणीदारांसाठी निवडून, कापून. हस्तलिखित आणि छापील शेजारी ठेवून वाचावं.

आनंदीबाई जोशी यांना न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी पहिलं पत्र लिहिलं ते गोपाळरावांचं पत्र एका मिशनरी मासिकात वाचून. पुढे आनंदीबाईंच्या पत्रांतले उतारे कॅरोलाइन हीली डॉल यांनी १८८८च्या चरित्रात छापले. स्वतः डॉल आयुष्यभर रोजनिशी लिहीत होत्या आणि त्यांची कागदपत्रं मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मागणारं आनंदीबाईंचं १८८३चं पत्र ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. मराठी वाचकाला सुरुवात करायला हेही एक चांगलं पान आहे.

हक्क, भेट आणि संदर्भ

न छापलेल्या लिखाणावर अमेरिकेत लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतो. लेखक किंवा मृत्यूची तारीख ठाऊक नसेल तर लिहिल्यापासून १२० वर्षं. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातलं जवळजवळ सगळं मोकळं आहे. अपवाद महत्त्वाचा: जे पहिल्यांदा १९७८ ते २००२ या काळात छापलं गेलं, त्यावर २०४७ संपेपर्यंत हक्क असू शकतो. कागद कुणाच्या मालकीचा आहे याचा लेखनहक्काशी संबंध नाही.

तिकडे राहणाऱ्यांनी वाचनकक्षात जायचं असेल तर आधी ईमेल करावी, पेट्या बऱ्याचदा दुसऱ्या गावच्या गोदामातून आणाव्या लागतात. फक्त शिसपेन्सिल, एका वेळी एकच फोल्डर, कागदांचा क्रम बदलायचा नाही, फ्लॅश न लावता छायाचित्र. हातमोजे घालू नका. त्यांनी बोटांना अंदाज राहत नाही आणि कडा फाटतात, हात धुऊन कोरडे केलेले पुरतात. कुणाच्या घरी अशी पत्रं असतील तर चिकटपट्टी आणि लॅमिनेशन कधीही करू नये, कारण डिंक कागदात शिरतो आणि परत निघत नाही. आम्लरहित फोल्डरमध्ये, माळा आणि तळघर सोडून राहत्या खोलीच्या हवेत ठेवावीत.

प्रत्येक छायाचित्र घेण्याआधी फोल्डरच्या लेबलाचं एक छायाचित्र घ्या, म्हणजे पुढची पानं कुठली ते घरी गेल्यावरही कळेल. उतरवलेल्या प्रत्येक पानाखाली त्याच दिवशी लिहा: कुणी कुणाला, तारीख, संग्रहाचं नाव, पेटी, फोल्डर, संस्था, आणि प्रतिमेचा क्रमांक.